स्पोर्ट्स कारच्या ब्रेकची हवा कशी काढायची : ऑइल, क्रम, पद्धती आणि नेमकं कुठे चुकतं

पेडल दाबल्यावर घट्ट न लागता दबत दबत खाली गेलं, आणि लगेच दोनदा मारल्यावर वर आलं, तर लाइनमध्ये हवा आहे असं धरून चालायला हरकत नाही. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर पॅडपर्यंत पोचण्याआधी ती हवा दाबण्यातच संपतो. हे मारुतीपासून पोर्शेपर्यंत सगळ्यांना सारखंच लागू आहे. स्पोर्ट्स कारमध्ये त्यात आणखी एक भानगड असते, ती म्हणजे ऑइल उकळण्याची.

साधा हिशोब करा. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली की सुमारे ५८० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते, आणि तिचा बहुतेक भाग डिस्क झेलतात. तीच गाडी १६० वरून थांबवली तर आकडा १४८० च्या घरात जातो. गळिताच्या हंगामात सोलापूर-पुणे हायवेवर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते तेव्हा ही सगळी उष्णता एका दाबात तयार होते. तुळजापूरचा घाट उतरताना ती थोडी थोडी साठत जाते. कॅलिपरमधलं (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातलं) ऑइल तापतं, त्यात मुरलेल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दाबली जाते. गाडी थंड झाली की वाफ विरून पेडल पुन्हा ठणठणीत होतं. म्हणून अशा गाड्या गॅरेजला नेल्या की तिथे काहीच सापडत नाही.

तेव्हा स्पोर्ट्स कारमध्ये हवा काढणं म्हणजे मुळात जुनं ऑइल पूर्ण बाहेर काढून नवं भरणं. हवा त्याच्याबरोबर निघून जाते. रस्त्यावरच्या गाडीसाठी दर दोन वर्षांनी हे करावं. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटवर गाडी नेणार असाल तर प्रत्येक वेळी जाण्याआधी करावं.

ऑइल कोणतं

बाटलीवरच्या डॉट आकड्याचा अर्थ उत्कलनबिंदूशी आहे. नव्या, कोरड्या ऑइलची किमान मर्यादा डॉट ३ ला २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ ला २३० आणि डॉट ५.१ ला २६० अंश असते. ऑइलने ३.७ टक्के पाणी शोषलं की याच मर्यादा अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० वर येतात. ट्रॅकसाठीच्या काही ऑइलचा कोरडा आकडा ३०० च्या वर असतो, पण त्यातली बरीचशी लवकर बदलावी लागतात. रोज वापरायच्या गाडीत फक्त मोठा आकडा बघून ती भरण्यात शहाणपण नाही.

डॉट ५ आणि डॉट ५.१ यांची गल्लत मात्र करू नका. डॉट ३, ४ आणि ५.१ ही एकाच ग्लायकॉल घराण्यातली आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते बाकीच्यांत मिसळत नाही, आणि एबीएसच्या गाडीत ते भरूच नये. नव्या गाड्यांमध्ये, विशेषतः ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या जर्मन गाड्यांमध्ये, कमी घट्टपणाचं डॉट ४ लागतं. बाटलीवर ‘एलव्ही’ किंवा ‘क्लास ६’ असं लिहिलेलं असतं. सोलापुरात साधं डॉट ३ आणि डॉट ४ कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतं. एलव्ही हवं असेल तर आधी मागवून ठेवा, गाडी जॅकवर चढवल्यावर शोधायला निघू नका.

पूर्ण बदलायला एक लिटर धरा. पुढे सहा पिस्टनचे मोठे कॅलिपर असतील तर दीड लिटर. सील न फोडलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या घ्या आणि उत्पादनाची तारीख बघा. मागच्या वर्षी उघडून कपाटात ठेवलेली बाटली टाकून द्या, झाकण कितीही घट्ट लावलेलं असलं तरी. पावसाळी दमट दिवशी हे काम काढू नका. मे महिन्यात करायचं असेल तर पहाटे करा. पत्र्याच्या शेडखाली दुपारी हात भाजतात, आणि उन्हाळ्याचा वारा सुटला की बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या उघड्या डबीत धूळ जाते.

हाताशी काय असावं

निप्पलला (कॅलिपरवरच्या, हवा आणि ऑइल बाहेर सोडायच्या पोकळ स्क्रूला) बसणारा रिंग पान्हा. गाडीनुसार ८ ते ११ मिलिमीटरपैकी एखादा लागतो. फिक्स पान्हा वापरू नका, तो घसरून निप्पलचे कोपरे खातो. चार मिलिमीटर आतल्या व्यासाची पारदर्शक नळी फिशटँकच्या दुकानात मिळते आणि निप्पलवर घट्ट बसते. गरम पाण्यात टोक बुडवलं की सहज चढते. गवंडी वापरतात ती लेव्हलची नळी बहुधा सैल होते, आणि सैल नळीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. मग बुडबुडे संपतच नाहीत. एक पारदर्शक बाटली, १०० मिलिलिटरची सिरिंज, टॉर्क पान्हा, दोन स्टँड आणि पेडलखाली ठेवायला लाकडाचा ठोकळा एवढं पुरतं.

ब्रेक ऑइल रंग खातं. फेंडरवर आधी प्लास्टिक पसरा आणि वर जुनी चादर टाका. सोलापुरात तिची कमतरता नाही. टर्किश टॉवेल मात्र डबीच्या आसपास आणू नका. त्याचे तंतू सुटतात, आणि डबीत पडलेला एक तंतू मास्टर सिलिंडरच्या (पेडलच्या जोराने लाइनमध्ये दाब तयार करणाऱ्या सिलिंडरच्या) बारीक भोकात अडकायला पुरेसा असतो. रंगावर थेंब पडलाच तर पुसत बसू नका, भरपूर पाणी ओता. ऑइल पाण्यात विरघळतं.

गॅरेजमध्ये सगळे सुटे भाग रॉकेल किंवा डिझेलने धुवायची सवय असते. ब्रेकच्या भागांना ते चालत नाही. ब्रेकमधली रबरं पेट्रोलियमने फुगतात, आणि फुगलेले सील सगळीकडचे बदलावे लागतात. ज्या फनेलमधून इंजिन ऑइल ओतलं ते फनेलही इथे नको. धुवायला ब्रेक क्लीनर किंवा ताजं ब्रेक ऑइलच वापरा.

गाडी उचलताना

स्पोर्ट्स कार जमिनीला टेकल्यासारखी असते. साधा जॅक खाली जात नाही, म्हणून चाकं आधी दोन इंच जाड फळ्यांवर चढवून घ्या. जॅक फक्त नेमलेल्या जागीच लावा. गाडी स्टँडवर ठेवल्याशिवाय तिच्याखाली हात घालू नका. डिस्क कार्बन-सिरॅमिकच्या असतील तर चाक काढता-घालताना हबमध्ये गाइड पिन लावा, कारण चाक घसरून डिस्कच्या कडेवर आपटलं तर टवका उडतो आणि डिस्क बाद होते. पोर्शे जीटी३ सारख्या सेंटर-लॉक चाकाचा नट ६०० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. तेवढा टॉर्क पान्हा नसेल तर चाक काढूच नका.

आणखी एक गोष्ट आधीच बघून ठेवा. मर्सिडीजच्या २००० नंतरच्या काही मॉडेलांत, उदाहरणार्थ आर २३० एसएलमध्ये, एसबीसी नावाचे इलेक्ट्रॉनिक ब्रेक होते. त्यात प्रचंड दाब साठवलेला असतो आणि नुसतं दार उघडलं तरी कॅलिपर स्वतःहून आवळले जाऊ शकतात. स्कॅनरने ती सिस्टीम बंद केल्याशिवाय तिथे बोट घालू नका. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तोही सर्व्हिस मोडमध्ये टाकून घ्या.

कुठल्या चाकापासून सुरुवात

इंटरनेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत मागच्या उजव्या चाकापासून सुरुवात करतात. त्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या असतात, मास्टर सिलिंडर डावीकडे असतो आणि मागचं उजवं चाक त्याच्यापासून सगळ्यात लांब पडतं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून आपला नेहमीचा क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं असा होतो. तरीही बॉनेट उघडून डबी कुठे आहे ते बघा. काही गाड्यांत स्टिअरिंग उजवीकडे आणलं तरी मास्टर सिलिंडर डावीकडेच राहिलेला असतो. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर पुढून सुरुवात करायला सांगितलेली असते. मॅन्युअल सांगेल ते खरं. नुसतं ऑइल बदलायचं असेल तर क्रम थोडा इकडचा तिकडे झाला तरी चालतं, पण लाइन रिकामी झाली असेल तर नाही.

पुढच्या मोठ्या कॅलिपरला बऱ्याचदा दोन निप्पल असतात, एक बाहेरच्या बाजूला आणि एक आतल्या. दोन्हींतून ऑइल काढावं लागतं. आतलं निप्पल दिसत नाही म्हणून ते राहून जातं आणि अर्ध्या कॅलिपरमध्ये जुनं ऑइल तसंच राहतं.

पहिली पायरी सगळ्या पद्धतींत सारखीच. सिरिंजने डबीतलं काळं ऑइल शक्य तेवढं उपसा, पण तळाची भोकं उघडी पडू देऊ नका. नवं ऑइल वरच्या रेषेपर्यंत भरा. मगच चाकाकडे जा. नाहीतर डबीतला सगळा गाळ लाइनमधून ओढत बसाल.

दोघांची पद्धत

नेहमीच्या कामाला हीच पद्धत पुरते, आणि नीट केली तर महागड्या यंत्राइतकीच चांगली होते. पेडलखाली ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल तळाला टेकणार नाही. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी कधीच जात नाही तिथे जुन्या गाडीत गंज आणि चिकटा साठलेला असतो. पेडल पूर्ण दाबलं की सील त्यावरून घासतो आणि कापला जातो. ‘परवा हवा काढली आणि आज मास्टर सिलिंडर गेला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

नळीचं एक टोक निप्पलवर चढवा, दुसरं बाटलीत तळाला असलेल्या दोन बोटं ऑइलमध्ये बुडवा. इंजिन बंद ठेवा. आत बसणाऱ्याला तीनच शब्द समजले पाहिजेत: दाब, धर, सोड. ‘दाब’ म्हटलं की त्याने सावकाश दाबायचं आणि दाबून झालं की ‘धरलं’ म्हणायचं. तुम्ही निप्पल पाव फेरा उघडायचा. पेडल ठोकळ्यापर्यंत जाईल, तरी पाय उचलायचा नाही. तुम्ही निप्पल बंद केला की मगच ‘सोड’ म्हणायचं. सगळी मेख या शेवटच्या क्षणात आहे. निप्पल उघडा असताना पेडल सुटलं तर आटे आणि नळीतून हवा आत ओढली जाते, आणि आतापर्यंतची मेहनत वाया जाते. आत वडील किंवा काका बसलेले असतील तर ‘दाबा, सोडा’ म्हणा, पण शब्द बदलू नका. ‘हां, ठीक आहे’ म्हटल्यावर कुणीतरी पाय उचलतंच.

दाबण्याआधी पाच-सहा वेळा जोरजोरात पंप करायची पद्धत आपल्याकडे फार आहे. त्याने एक मोठा बुडबुडा फुटून त्याचे शंभर बारीक होतात आणि ते निघायला जास्त वेळ लागतो. सावकाश दाब, दोन सेकंद थांब, सावकाश सोड, एवढंच करा. प्रत्येक चाकाला दहा-बारा दाब लागतात. लांबच्या मागच्या चाकाला २५० मिलिलिटरपर्यंत ऑइल जातं, पुढच्यांना थोडं कमी. दर पाच दाबांनंतर डबी बघा. डबी रिकामी झाली की मास्टर सिलिंडरमध्ये हवा जाते, तिथून एबीएसच्या ब्लॉकमध्ये (त्याचा पंप आणि व्हॉल्व्ह असतात त्या भागात), आणि एका तासाचं काम दोन दिवसांचं होतं. निप्पलला बुडबुडे येत असतील तर कॅलिपरवर रबरी हातोडीने हलके टोले द्या. कोपऱ्यात चिकटलेले बुडबुडे सुटून वर येतात.

एकट्याने करायचं असेल तर

सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे प्रेशर ब्लीडर. डबीच्या झाकणाच्या जागी त्याचं झाकण बसवायचं, हातपंपाने १ ते १.५ बार दाब द्यायचा आणि एकेक निप्पल उघडत जायचं. आधी त्यात ऑइल न भरता नुसता दाब देऊन झाकणातून हवा सुटते का ते तपासा. नाहीतर इंजिन बेवर ऑइलचा फवारा बसतो. काही गाड्यांचं मॅन्युअल २ बारपर्यंत परवानगी देतं, त्याच्यावर जाऊ नका. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट जोडणं तर अगदीच नको. त्याचा दाब प्लास्टिकच्या डबीला झेपत नाही आणि त्या हवेत पाणीही असतं.

व्हॅक्युम पंप स्वस्त असतो म्हणून बरेच जण तो घेतात. तो निप्पलकडून ऑइल ओढतो, त्याबरोबर निप्पलच्या आट्यांमधून बाहेरची हवाही ओढतो. नळीत सतत बुडबुडे दिसतात आणि खरी हवा कुठली ते कळत नाही. आट्यांवर सिलिकॉन ग्रीस लावून काम भागतं. कोरडी लाइन पहिल्यांदा भरायला तो उपयोगी आहे. शेवटची खात्री मात्र पेडल दाबूनच करा.

निप्पल उघडून ऑइल आपोआप ठिबकू द्यायची पद्धतही आहे. चाकाला अर्धा तास लागतो, पण काहीही बिघडत नाही. फक्त डबी भरत राहा. एकतर्फी व्हॉल्व्ह असलेले निप्पल बसवले तर एकट्याने पेडल मारून काम होतं. कॅलिपरकडून वर ऑइल ढकलायची उलटी पद्धत क्लचला बरी. ब्रेकला नको, कारण तळाची घाण एबीएस ब्लॉकमध्ये जाते.

क्लच आणि एबीएस

हायड्रॉलिक क्लच असलेल्या बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतून ऑइल घेतात. तिथे क्लचचं तोंड डबीत वरच्या बाजूला असतं, म्हणजे ऑइल कमी झालं की आधी क्लच जातो आणि ब्रेक वाचतात. ब्रेकचं ऑइल बदलताना क्लचच्या निप्पलमधूनही ते काढा. ते विसरलं की त्या लाइनमधलं काळं ऑइल हळूहळू नव्या ऑइलमध्ये मिसळतं.

डबी रिकामी झाली नसेल तर एबीएससाठी वेगळं काही करावं लागत नाही. हवा ब्लॉकमध्ये गेली असेल तर मात्र चारही चाकांतून स्वच्छ ऑइल येतं आणि पेडल मऊच राहतं, कारण आतले व्हॉल्व्ह बंद असतात. स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवत हवा काढावी लागते. साधा कोड वाचणारा स्कॅनर हे करत नाही. त्या गाडीसाठी एबीएस ब्लीडिंगची सोय त्यात आहे का ते आधी विचारा.

हवा निघाली, तरी पेडल मऊ

कॅलिपर दुरुस्तीला काढले होते का? डावा उजवीकडे बसला असेल तर निप्पल खाली येतो आणि वरची हवा कधीच निघत नाही. निप्पल नेहमी कॅलिपरच्या सगळ्यात वरच्या टोकाला असला पाहिजे. अनेकांचे दोन-दोन लिटर ऑइल यात वाया जातात.

पाय धरून ठेवल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल आणि कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचा सील गेलाय. पहिला दाब खोल आणि दुसरा वर असेल, पण हवा नक्की नसेल, तर वाकलेली डिस्क किंवा ढिला व्हील बेअरिंग पिस्टनना मागे ढकलतोय. पॅड तिरके झिजले असतील तर ते वाकतात आणि पेडल रबरासारखं लागतं. जुने रबरी होज दाबाने फुगतात. त्यांच्या जागी स्टीलच्या जाळीचे होज बसवले की पेडल लगेच कडक लागतं.

निप्पल उघडूनही ऑइल येत नसेल तर रबरी टोपी नसल्याने भोकात माती बसलेली असते. निप्पल काढून स्वच्छ करा. तो घट्ट बसला असेल तर आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. तो आतून पोकळ असतो, जोर लावला की तुटतो. बसवतानाही तेच लक्षात ठेवा. बहुतेक गाड्यांत ८ ते १४ न्यूटन-मीटर पुरतं, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही.

गाडी रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते वर आणि कडक व्हायला हवं. तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जाईल; तो बूस्टरचा परिणाम आहे, हवा नव्हे. मग अर्धा मिनिट जोरात दाबून धरा आणि दुसऱ्याला चारही निप्पल कोरडे आहेत का ते टॉर्चने बघायला सांगा. टोप्या बसवा, निप्पलच्या आसपास पाणी ओता, डबी कमाल रेषेपर्यंत भरा, चाकाचे बोल्ट टॉर्क पान्ह्याने आवळा.

पहिली चाचणी कंपाउंडमध्येच, चालण्याच्या वेगाने. नंतर रविवारी सकाळी चिंचोळी एमआयडीसीसारखा रुंद, रिकामा रस्ता बघून ३० आणि मग ५० वरून थांबून बघा. एबीएसचा दिवा लागला तर डबीची पातळी आणि चाकाजवळच्या सेन्सरची वायर तपासा, चाक काढताना ती ओढली जाते.

काढलेलं ऑइल गटारीत किंवा झाडाखाली ओतू नका. जळक्या इंजिन ऑइलच्या ड्रममध्येही टाकू नका, त्याने ते सगळं ऑइल पुनर्वापराला बाद होतं. वेगळ्या बाटलीत भरून ‘ब्रेक ऑइल’ असं लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्या वर्कशॉपला द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना पुन्हा एकदा पेडल दाबून बघा आणि डबीतली पातळी तपासा.